ठाण्याचा गेंड्या भुंगा एवढासा, दापोलीचा एवढा मोठा: हवामानामुळे का?

घोडबंदरची_मीनल

नमस्कार मंडळी. आम्ही कासारवडवलीला राहतो. चौथा मजला, मागे येऊरचा डोंगर. पहिले दोन-तीन पाऊस पडले की आमच्या गॅलरीतल्या ट्यूबलाइटवर जत्रा भरते. परवा रात्री जेवणं आटोपता आटोपता एक गेंड्या भुंगा ग्रिलवर ठाणकन आपटला आणि कपड्यांच्या स्टँडखाली उताणा पडून पाय झाडायला लागला. लेक सहावीत आहे. तिने लगेच कंपासपेटीतली पट्टी लावली. 34 मिलिमीटर. शिंग म्हणावं तर डोक्यावर नुसता कोंब.

मे महिन्यात दापोलीला सासऱ्यांनी माडाच्या कोंबातून लोखंडी आकडीने असाच एक भुंगा ओढून काढला होता. तो 47 भरला होता आणि शिंग मागे वळलेलं, चांगलं ठसठशीत. दोन्ही एकाच जातीचे, हे फोटो बघून एका जाणकाराने सांगितलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

आता तिसरी गोष्ट. माझं माहेर आटपाडी. तिकडे माळावर संध्याकाळी एक काळाकुट्ट भुंगेरा दिसतो, अंगावर पांढरे सहा ठिपके, लांबीला चार सेंटिमीटर सहज. उडत नाही, नुसता पळतो, आणि काय पळतो! ज्या माळावर उन्हाळ्यात गवताची काडी दिसत नाही तिथे एवढं धूड पोसतं कसं?

लेकीच्या सायन्सच्या मॅडमनी सांगितलंय की उष्ण प्रदेशात कीटक मोठे होतात. कन्येचा हिशोब असा की आटपाडी दापोलीपेक्षा तापते, म्हणून तिथला मोठा असणं ठीक. पण ठाणे काही दापोलीपेक्षा थंड नाही, मग आपलाच भुंगा बारका का? मला उत्तर देता आलं नाही. कोणी नीट सांगेल का? लिंका नकोत, माणसाने माणसाला सांगावं तसं सांगा.

कळव्याचा_बंड्या

ठाण्यात वन रूम किचनमध्ये राहायचं म्हटल्यावर भुंगाही बारीकच होणार ना ताई. दापोलीला त्याला अंगण आहे.

नाना_ऐरोली

बंड्या, तू गंमत केलीस, पण उत्तराच्या जवळ गेलास.

मीनलताई, माझी सगळी नोकरी पीकसंरक्षणात गेली. ज्यांना मारायचा पगार घेतला त्यांच्याबद्दल आता पेन्शनीत बसून कौतुकाने बोलतो. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एक विचारतो. तुमच्या 34 मिलिमीटरवाल्याच्या पोटाच्या टोकाला, खालच्या बाजूने, तांबूस केसांचा झुपका आहे का? असेल तर ती मादी, आणि मादीचं शिंग तसंही आखूड असतं. टोक गुळगुळीत असेल तर नर. हे कळल्याशिवाय शिंगावर बोलण्यात अर्थ नाही.

आता मुद्दा. कोषातून बाहेर पडलेला भुंगेरा नंतर एक मिलिमीटरही वाढत नाही. कवच एकदा टणक झालं की झालं. त्यामुळे लहान भुंगा म्हणजे मोठ्या भुंग्याचं पोर नव्हे, दोघंही पूर्ण वयाचेच. आकार ठरतो तो अळीच्या दिवसांत. गेंड्या भुंग्याची अळी शेणखतात, कुजलेल्या माडाच्या खोडात, पालापाचोळ्याच्या ढिगात वाढते. तीन अवस्थांतून जाते, दोनदा कात टाकते आणि काही महिने नुसती खात बसते. तुमच्या दापोलीच्या वाडीत उकिरडा आहे, पडलेला माड आहे, सावली आहे, ओल आहे. तुमच्या कासारवडवलीच्या पाहुण्याची अळी कुठे वाढली असेल? माझा अंदाज, कुठल्यातरी सोसायटीच्या गार्डनचा पाचोळ्याचा खड्डा. मार्चपासून कोरडा ठणठणीत, माळी आठवडेच्या आठवडे पाणी मारत नाही, निम्मा कचरा नारळाच्या झावळ्या आणि निम्मा प्लास्टिक. अशा ठिकाणी अळी पोट भरण्याआधीच कोषात जाते. म्हणून एका भुंग्यावरून हवामानाचा निष्कर्ष काढायचा नाही. आधी अळीचं ताट बघायचं.

शिंगाचंही तसंच, फक्त तिथे फरक जास्त उघडा पडतो. अंग थोडं लहान झालं की शिंग त्याच्या कितीतरी पट लहान होतं. ऑन्थोफॅगस टॉरस नावाचा एक शेणकिडा आहे, मूळचा भूमध्य समुद्राच्या बाजूचा. त्याची आई जमिनीखाली शेणाचा गोळा करून त्यात एक अंडं घालते, आणि अळीला जन्मभर तेवढीच शिदोरी. गोळा मोठा मिळाला तर नराला लांब वळणदार शिंगं फुटतात. ठरावीक मापापेक्षा अंग लहान राहिलं तर शिंगं जवळजवळ येतच नाहीत, आणि मग हा बोडका नर मारामारीच्या फंदात पडत नाही. शिंगवाला बिळाच्या तोंडाशी राखण करत उभा असतो, हा बाजूने हळूच आत शिरतो. दोघांचाही वंश चालतो.

आता उष्णतेकडे येऊ. मॅडमचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं वाक्य परीक्षेला फार वाईट. प्रयोगशाळेत एकाच जातीच्या अळ्या, पोटभर खाणं देऊन, एक गट गारव्यात आणि दुसरा उबेत वाढवला तर उबेतले लवकर मोठे होतात पण अंगाने लहान निघतात. अ‍ॅटकिन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने 1994 मध्ये असे ढीगभर प्रयोग एकत्र करून पाहिले, त्यात 80 टक्क्यांहून जास्त थंड रक्ताच्या प्राण्यांत हेच दिसलं. कारण असं की उष्णतेने अळीचं खाणं आणि अंग धरणं वाढतं, पण कोषात जायची घाई त्याहूनही जास्त वाढते. दहावीची परीक्षा दोन महिने अलीकडे आणल्यासारखं. पोरगं रोज जास्त तास बसलं तरी पोर्शन पुरा होत नाही.

मग अ‍ॅमेझॉनच्या जंगलात टायटॅनस जायगँटियस हा भुंगेरा 16 सेंटिमीटरच्या वर कसा जातो? तिथे ऊब आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे वर्षभर खायला असतं. हिवाळा मध्ये येऊन अळीचं काम थांबवत नाही. अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातल्या हर्क्युलिस भुंगेऱ्याची अळी कुजक्या लाकडात वर्ष-दीड वर्ष खात बसते. उलट डोंगरमाथ्यावर किंवा उत्तरेला उन्हाळाच तीन महिन्यांचा. तिथे वर्षाला एक पिढी काढणाऱ्या जातींना लहानपणातच आवरतं घ्यावं लागतं. म्हणजे गारवा म्हणतो मोठा हो, आणि आखूड हंगाम म्हणतो आटप लवकर. कुठल्या जातीत कोण जिंकतं ते त्या जातीच्या आयुष्यक्रमावर. बर्गमनने 1847 मध्ये थंडीत प्राणी मोठे असतात असा नियम मांडला होता, तो अंगात स्वतःची ऊब असणाऱ्या पक्षी आणि सस्तन प्राण्यांसाठी. तो उचलून भुंगेऱ्यांना लावला की कधी सरळ लागतो, कधी उलटा.

आटपाडीचं उद्या लिहितो. सूनबाई जेवायला हाक मारतायत.

घोडबंदरची_मीनल

नाना, भिंग लावून बघितलं. केस नाहीत, टोक गुळगुळीत. नरच आहे. आणि खड्ड्याचं तुम्ही बोललात ते वाचून मी खाली डोकावले. ए विंगच्या मागे पाचोळ्याचा खड्डा आहे खरा.

खारघर_सुनीता

नानांच्या म्हणण्याला हातचा प्रयोग जोडते. मी कॉलेजात प्राणिशास्त्राची लॅब सांभाळायचे. भुंगेरे वाढवायला जंगल लागत नाही, चवळी लागते. कडधान्याला लागतो तो भुंगा, कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस. मादी चवळीच्या दाण्यावर अंडं चिकटवते, खसखशीहून बारीक पांढरा ठिपका दिसतो. अळी थेट दाण्यात शिरते आणि बाहेर येतो तो पूर्ण भुंगाच. दाण्याच्या सालीवर आधी गोल काळपट खिडकी दिसते, मग एक दिवस झाकण उघडल्यासारखी ती निघते आणि आतून दोन मिशा डोकावतात. पोरं ते बघायला तास बुडवून यायची.

आमच्याकडे दोन इनक्युबेटर होते. एक 25 अंशांवर, एक 35 वर. 35 वाले तीन-साडेतीन आठवड्यांत बाहेर, 25 वाल्यांना पाच आठवड्यांच्या वर. आणि दोन्ही गट शेजारी ठेवले की नुसत्या डोळ्यांनी कळायचं, गरम बरणीतले बारके. वजन करायला पन्नास-पन्नासच्या पुड्या बांधून सोनाराच्या काट्यावर ठेवायचो, एकेकाचं वजन काही मिलिग्रॅमच.

मीनल, मुलीला करायचं असेल तर दोन पथ्यं. एक म्हणजे दाण्यावर एकच अंडं ठेव, बाकीची सुईच्या टोकाने खरवडून टाक. एका दाण्यात तीन अळ्या वाढल्या तर तिन्ही बारीक निघणार, आणि तू म्हणशील उष्णतेने झालं. दुसरं, नर-मादी वेगळे करून मोज. मादी मोठी असते, आणि तिच्या पाठीमागच्या उघड्या चकतीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे असतात, नराची चकती फिकट.

याच भुंग्यात अजून एक मजा आहे. गरमी आणि गर्दी दोन्ही वाढल्या की पुढच्या पिढीत वेगळंच रूप निघतं. जरा लांबट, फिकट, उडायला तयार, पण अंडी कमी घालणारं. मोकळ्या बरणीत वाढलेलं रूप सुस्त आणि अंडी भरपूर. आईबाप तेच, चवळी तीच. त्यामुळे बरणीतून भुंगे उडायला लागले की समजायचं, आत दाटी झाली आणि चवळीचा चुरा झाला.

नाना_ऐरोली

सुनीताबाईंनी सोन्यासारखं लिहिलं. नर आहे म्हणता ना मीनलताई, मग तो कोंबाएवढं शिंग घेऊन फिरणारा कुपोषित नर. दया करा, परत डोंगराकडे सोडा.

आता आटपाडी. तो सहा ठिपक्यांचा म्हणजे अँथिया सेक्सगुट्टाटा. दोन ठिपके छातीवर, चार पाठीवर. आणि तुमचा प्रश्न, पोसतो कशावर? तो गवत खातच नाही, शिकारी आहे. इतर किडे धरून खातो. लेकीला बजावा, हातात उचलायचा नाही, चेहरा जवळ न्यायचा नाही. डिवचला की मागच्या टोकातून फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो, डोळ्यात गेली तर डॉक्टरकडे पळावं लागेल.

एवढा मोठा का? कोरड्या मुलखात किड्याचा खरा शत्रू उपासमार नाही, वाळणं. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तुमच्या आटपाडीच्या माणदेशात पाचशेच्या आसपास, तोही आला तर. अंगातलं पाणी उडतं ते पृष्ठभागावरून, आणि साठतं ते आतल्या भागात. लांबी दुप्पट झाली, बांधा तोच राहिला, तर पृष्ठभाग चौपट होतो आणि आतला भाग आठपट. म्हणजे मोठ्या देहाचं पाणी त्याच्या मानाने सावकाश जातं. हे नुसतं गणित नाही. अमेरिकेत स्टेटर लिंबेटस म्हणून बियांत वाढणारा एक चिमुकला भुंगेरा आहे, सुनीताबाईंच्या भुंग्याचा चुलत भाऊच. वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने मोजले तर कोरड्या भागातले मोठे निघाले, आणि तापमानापेक्षा हवेतली ओल आणि बीचा आकार यांचा संबंध जास्त लागला. हवामान म्हटलं की आपण फक्त पारा बघतो. भुंगेऱ्याला पाऱ्याइतकंच दमटपणाचं पडलेलं असतं.

आणि उडत का नाही? भुंगेऱ्यांची पंखांची पुढची जोडी म्हणजेच पाठीवरचं कवच, खरे उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले. कोरड्या मुलखातल्या कित्येक जातींत हे कवच मधोमध जुळून एकसंध झालंय आणि खालचे पंख गेलेत. वाळवंटातल्या काळ्या भुंगेऱ्यांत कवचाखाली हवेची बंदिस्त पोकळी राहते आणि पोटावरची श्वासाची छिद्रं त्या पोकळीत उघडतात. बाहेरच्या भट्टीत सरळ उघडली असती तर प्रत्येक श्वासाबरोबर पाणी गेलं असतं. असे बहुतेक गोलसर, फुगीर पाठीचे असतात, आणि पाय लांब. पाय लांब असण्यात पळण्याचा फायदा आहेच, शिवाय पोट तापलेल्या वाळूपासून वर राहतं. जमिनीपासून थोडं वर गेलं तरी हवा बरीच कमी तापलेली असते, अनवाणी चाललेल्या कोणालाही विचारा.

नामिबच्या वाळवंटातला ऑनिमॅक्रिस उंगुइक्युलॅरिस तर धुकं पडलं की टेकडीच्या माथ्यावर जाऊन डोकं खाली आणि पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात, ओघळून तोंडाशी येतात, आणि हा पितो. हॅमिल्टन आणि सीली यांनी 1976 मध्ये हे छापलं. पाय लांब नसते तर हा शीर्षासनाचा थाट जमला नसता.

कवच जुळायला वाळवंटच लागतं असंही नाही. वारासुद्धा पंख काढून घेतो. मदिरा बेटावरच्या 550 जातींच्या भुंगेऱ्यांपैकी 200 जातींना उडण्याजोगे पंख नाहीत, हे वॉलस्टन या कीटक-अभ्यासकाचं निरीक्षण डार्विनने 1859 च्या ग्रंथात घेतलंय. त्याचा तर्क असा की जे जास्त उडाले ते समुद्रात वाहून गेले, आळशी राहिले त्यांची पिढी वाढली. मला डार्विनचं हे फार आवडतं. आळसाला एवढी प्रतिष्ठा दुसऱ्या कोणी दिली नाही.

तेव्हा लेकीला दोन वह्या करायला सांगा. आटपाडीच्या भुंगेऱ्याचा देह हजारो पिढ्यांत घडलाय, त्याला उद्या ऐरोलीत आणून ठेवला तरी पंख फुटणार नाहीत. कासारवडवलीचा बारका भुंगा मात्र एका उन्हाळ्यात घडलाय. त्याचीच अंडी दापोलीच्या शेणखतात वाढली तर पोरं बापापेक्षा मोठी निघतील. दोन्हीकडे हवामान आहे, पण एकाच खात्यात जमा करायचं नाही.

पनवेल_पॅसेंजर

म्हणजे तापमानवाढीने सगळे भुंगे चिलटाएवढे होणार. शेतकरी सुटला म्हणायचा!

नाना_ऐरोली

सुटतोय कसला. लवकर मोठे होणारे म्हणजे वर्षात एखादी पिढी जास्त काढणारे. बारीक झाले म्हणून चवळी कमी खाल्ली जाणार नाही, खाणारी तोंडं वाढतील. आणि पिकांची मुळं खाणाऱ्या हुमणीसारख्या किडी वर्षाला एकच पिढी काढतात, वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर भुंगेरे उतरतात. त्यांचं गणित पावसाच्या तारखेशी जास्त बांधलेलं.

सगळे बारीक होतील हेही खरं नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या विद्यापीठाने आपल्या कपाटांतले साडेसहा हजारांवर जुने भुंगेरे मोजले, आठ जातींचे, आणि 2018 मध्ये निकाल छापला. काही दशकांत मोठ्या जाती आक्रसल्या होत्या, लहान जातींत तसं दिसलं नाही. रंगावरही परिणाम होतो. नेदरलँड्समध्ये दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याची काळी रूपं 1980 नंतर दोन-अडीच दशकांत कमी झाली. काळं अंग उन्हात लवकर तापतं, थंड वसंतात ते सोयीचं. वसंतच उबदार झाला तर काळं असण्याचा फायदा काय?

हे कळलं कशामुळे, तर शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी किडा टाचणीला लावून खाली गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवली म्हणून. आपल्याकडे मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाचा संग्रह 1883 पासूनचा, भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आकुर्डीला. आपल्याकडचेही गेंड्या भुंगे असे दशकवार मोजून कोणी मांडले तर मी स्वखर्चाने कॅलिपर घेऊन मदतीला जाईन, गुडघे साथ देतील तोवर.

घोडबंदरची_मीनल

लेक विचारतेय, मग भुंगा कुत्र्याएवढा का होत नाही? खायला कितीही दिलं तर?

खारघर_सुनीता

भुंगेऱ्याला फुप्फुसं नसतात. हवा नळ्यांच्या जाळ्यातून थेट अवयवांपर्यंत जाते. काळ्या भुंगेऱ्यांच्या लहान-मोठ्या जातींचे क्ष-किरणांनी फोटो काढले तेव्हा दिसलं की देह वाढतो त्यापेक्षा नळ्यांची जागा जास्त वेगाने वाढते, आणि सगळ्यात जास्त कोंडी पायाच्या सांध्यात होते. 2007 मध्ये छापलेल्या त्या कामात हिशोब करून मर्यादा काढली ती 16 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे नानांच्या टायटॅनसजवळच. त्यापुढे पायात नळ्याच नळ्या, स्नायूला जागा नाही. कुत्र्याएवढा भुंगा उभाच राहणार नाही.

घोडबंदरची_मीनल

धन्यवाद सुनीताताई, नाना. भुंगा त्याच रात्री सोडला होता. आज सेक्रेटरींच्या परवानगीने माळीकाकांनी खड्डा उकरला. वरचा थर भुसभुशीत कोरडा, खाली झावळ्यांखाली जरा ओल, आणि त्या ओलीत जाड पांढऱ्या अळ्या वाकड्या होऊन पडलेल्या. लेकीला आता यांनाच शेणखत घालून मोठं करायचंय, पुढच्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी. करू द्यावं का?

नाना_ऐरोली

सोसायटीत माड किती आहेत ते आधी मोजा. असतील तर खड्डा पूर्ण उपसा, अळ्या काढून टाका, माझ्यातला पीकसंरक्षणवाला दुसरं काही सांगणार नाही. लेकीसाठी चार अळ्या ठेवा. दोन घट्ट झाकणाच्या बादल्या, झाकणाला बारीक भोकं. दोन्हींत दोन-दोन अळ्या. एकीत चांगलं कुजलेलं शेणखत, हातात दाबलं तर मुटका होईल इतकं ओलं, दुसरीत त्याच खड्ड्यातला कोरडा पाचोळा. दोन्ही बादल्या एकाच सावलीत, म्हणजे उष्णतेचा फरक मध्ये येणार नाही. भुंगे निघाले की एकूण लांबी धरू नका, पोट कमी-जास्त होतं. पाठीच्या कवचाची लांबी मोजा, ती बदलत नाही. आणि येऊरच्या फाटकाच्या आतून काही उचलून आणू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे.

कळव्याचा_बंड्या

ताई, बादल्या गॅलरीत ठेवणार असाल तर आधी खालच्या मजल्यावाल्यांना कल्पना द्या. शेणखताला वास असतो.